जाळीच्या आत, मॅटच्या मधोमध: घरच्या ट्रॅम्पोलिनवरच्या एका अपघाताचा प्रकरण अभ्यास

मे महिन्यातली संध्याकाळ, साडेसहाचा सुमार. नाशिकमधल्या एका बंगल्याच्या मागच्या अंगणात दहा फुटी ट्रॅम्पोलिनवर तीन मुलं उड्या मारत होती: अकरा वर्षांची मावसबहीण, आठ वर्षांचा मामेभाऊ आणि चार वर्षांचा धाकटा. जाळीची चेन ओढलेली होती. मामी जाळीच्या दारापाशी उभ्या राहून बघत होत्या. मोठी मुलगी मॅटवर, म्हणजे स्प्रिंगांनी ताणून धरलेल्या उड्या मारायच्या कापडावर, दाणकन उतरली, त्याच क्षणी तिच्यापासून हातभर अंतरावर धाकट्याचे पाय टेकले, आणि तो उभ्याचा खाली बसला. दोन-तीन सेकंद आवाजच नाही. मग जो रडायला लागला तो थांबेचना. उचलून खाली आणलं तर उजवा पाय टेकवायला तयार नाही. सूज नव्हती, खरचटलेलं नव्हतं, पाय वाकडाही दिसत नव्हता.

रात्री एक्स-रेमध्ये दिसलं ते असं: नडगीचं हाड गुडघ्याच्या खाली दोन बोटांवर मोडलं होतं.

या लेखातलं घर प्रातिनिधिक आहे. अशा अपघातांत पुन्हा पुन्हा जे घडतं ते एकत्र करून ते उभं केलं आहे. अपघाताचा प्रकार मात्र इतका नेहमीचा आहे की लहान मुलांच्या हाडांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी या मोडीला ‘ट्रॅम्पोलिन फ्रॅक्चर’ असंच नाव दिलं आहे. मूल कुठूनही पडलेलं नसतं. जाळीच्या आत, मॅटच्या मधोमध, मोठं माणूस समोर असताना हाड मोडतं. म्हणून या प्रकरणात जाळी आणि स्प्रिंगांवरच्या पॅडच्या आधी ‘एका वेळी किती जण’ हा प्रश्न घ्यावा लागतो.

घरात काय समजूत होती

ट्रॅम्पोलिन दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवलेलं. गोल, व्यास दहा फूट, मॅट जमिनीपासून सुमारे ७५ सेंटिमीटर उंच, साठ स्प्रिंगा, सहा खांबांवर जाळी. फ्रेमवरच्या स्टिकरवर कमाल वजन १०० किलो लिहिलेलं. घरच्यांनी त्याचा सरळ हिशोब केला होता: ४२ किलोची मोठी, २५ किलोचा मधला, १५ किलोचा धाकटा, मिळून ८२. शंभराच्या आत, म्हणजे चालेल.

सगळी गडबड इथे आहे. स्टिकरवरचा आकडा एका वापरणाऱ्यासाठी असतो. एवढ्या वजनाच्या एका माणसाने उड्या मारल्या तर फ्रेम, स्प्रिंगा आणि मॅट टिकतील, एवढंच तो सांगतो. त्यात तीन मुलं बसवायची परवानगी नाही. त्याच डब्यातल्या माहितीपुस्तिकेत ‘एका वेळी एकच व्यक्ती’ आणि ‘सहा वर्षांखालील मुलांसाठी नाही’ या दोन्ही सूचना होत्या. पुस्तिका स्प्रिंगा लावून होईपर्यंत वापरली गेली, मग कुठे गेली कोणालाच ठाऊक नाही.

दुसरी समजूत जाळीबद्दलची. जाळी आहे म्हणजे मूल बाहेर पडणार नाही, हे बऱ्याच अंशी खरं. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्सने, २०१२ साली उपलब्ध अभ्यास एकत्र पाहून जे निवेदन काढलं त्यात स्पष्ट म्हटलं आहे की जाळी आणि पॅड आल्यामुळे दुखापतींचं प्रमाण लक्षणीय घटल्याचं दिसत नाही. त्याच निवेदनानुसार सुमारे तीन चतुर्थांश दुखापती मॅटवर एकापेक्षा जास्त जण असताना होतात, आणि त्यांतल्या हलक्या मुलाला दुखापत व्हायचा धोका जड सोबत्यापेक्षा चौदा पटींपर्यंत जास्त असतो. घरगुती ट्रॅम्पोलिन वापरूच नका, असा त्या संघटनेचा सल्ला आहे.

मऊ कापडावर हाड का मोडतं

मॅटकडे बघून ती गादीसारखी वाटते. ती गादी नाही. गादी ऊर्जा जिरवते, मॅट ती साठवून परत देते. एकटं मूल उडतं तेव्हा त्याने दिलेलीच ऊर्जा त्याला परत मिळते, म्हणून त्याची उडी त्याच्या ताकदीच्या मापात राहते. दोघं चढले की एकाने साठवलेली ऊर्जा दुसऱ्याच्या पायात जाऊ शकते.

ढोबळ हिशोब मांडून बघू. ४२ किलोची मुलगी अर्धा मीटर उंचीवरून उतरली की मॅटमध्ये सुमारे २०० ज्यूल ऊर्जा साठते. १५ किलोचा मुलगा आपल्या बळावर जेमतेम ३० सेंटिमीटर उडतो, म्हणजे ४४ ज्यूल. मॅट खाली जाऊन परत वर येते त्या वेळी तिचा वेग सेकंदाला तीन मीटरच्या आसपास असतो. धाकटा त्याच वेळी सेकंदाला सुमारे अडीच मीटर वेगाने खाली येतोय. दोन वेग एकमेकांवर आदळले की ती टक्कर जवळपास दीड मीटर उंचीवरून खाली येण्याइतकी होते. आणि या वेळी पायाखालची मॅट खाली जाऊन धक्का जिरवत नाही, उलट वर येऊन धडकते. चार वर्षांच्या मुलाच्या नडगीचा वरचा भाग अजून मऊ असतो. तो उभ्या दाबाने चेपतो आणि कडेला सुरकुती पडल्यासारखा मोडतो.

वेळ जरा इकडेतिकडे झाली तर याच्या उलट घडतं. मॅट वर येत असताना जड मूल आधीच निघून गेलं असेल तर उरलेली ऊर्जा हलक्या मुलाला वर फेकते. २०० ज्यूल सगळेच्या सगळे १५ किलोला मिळाले तर कागदावर १.४ मीटर उंची येते. सगळे कधीच मिळत नाहीत, पण निम्मे मिळाले तरी ७० सेंटिमीटर, म्हणजे त्याच्या सवयीच्या दुपटीहून जास्त. एवढ्या उंचीवरून कसं उतरायचं हे त्या शरीराला माहीत नसतं. हात पुढे टेकतो, आणि मग नडगीऐवजी कोपराच्या वर दंडाचं हाड मोडतं. घराघरांत मुलं ‘ताई, मला उडव ना’ म्हणून मागतात तो हाच प्रकार, आणि त्यात मुलांना खरोखर मजा येते. तो थांबवणं अवघड जातं ते त्यामुळेच.

तिसरी गोष्ट खड्ड्याची. जड मूल जिथे उभं असेल तिथे मॅट खोलगट होते आणि हलकं मूल त्या उताराने घसरत त्याच्याकडेच जातं. दोघांनी ‘लांब लांब उड्या मारू’ असं ठरवून काही उपयोग होत नाही, मॅटच त्यांना एकत्र आणते. डोक्याला डोकं आपटणं, ओठ फाटणं, दात तुटणं हे त्यातूनच होतं.

मामींना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांचं लक्ष होतं, फोन घरात होता. पण मॅट खाली जाऊन वर यायला अर्धा सेकंदही लागत नाही. तेवढ्या वेळात ‘अरे’ हा शब्दही पुरा होत नाही. वर सांगितलेल्या निवेदनातही तिसरा हिस्सा ते निम्म्या दुखापती मोठ्यांच्या नजरेसमोर झाल्याचं म्हटलं आहे. उभं राहणाऱ्याच्या हातात एकच गोष्ट असते: दुसऱ्याला आत जाऊ न देणं.

त्या दोन तासांत काय चुकलं, काय बरोबर झालं

पाय मुरगळला असेल म्हणून आजींनी आंबेहळदीचा लेप काढायला घेतला. कोणीतरी कोमट तेलाने चोळून बघू म्हणालं. कोणीतरी त्याला दोन्ही हातांना धरून उभं केलं, ‘चाल बघू’ म्हणून. मुलाने किंकाळी फोडली तेव्हा सगळे थांबले.

लहान मुलाच्या बाबतीत ‘सूज नाही म्हणजे हाड शाबूत’ हा नियम चालत नाही. या प्रकारच्या मोडीत हाड जागचं फारसं हलत नाही, त्यामुळे पाय सरळच दिसतो. मुख्य खूण ही: मूल पायावर भार देत नाही. ट्रॅम्पोलिनवरून उतरलेलं मूल अर्ध्या तासानेही पाय टेकवत नसेल तर त्याच रात्री एक्स-रे. चोळणं, ओढणं, हाडवैद्याकडे नेऊन ‘बसवून घेणं’ यांतलं काहीही नको. न हललेली मोड त्याने हलू शकते.

बरोबर झालं ते मामांकडून. त्यांनी खोक्याचा जाड पुठ्ठा मांडीच्या मध्यापासून टाचेपर्यंत येईल असा कापला, पन्हाळीसारखा दुमडला, आत टॉवेल घातला आणि पाय ज्या स्थितीत होता त्याच स्थितीत त्यात ठेवून दोन ओढण्यांनी बांधला. गाठी पुठ्ठ्यावर आल्या, मोडीच्या जागेवर नाहीत. बोटं उघडी ठेवली. खायला-प्यायला काही दिलं नाही, कारण भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं.

मान किंवा पाठीचा प्रश्न असता तर हे सगळं वेगळं झालं असतं. मूल डोक्यावर किंवा मानेवर उतरलं असेल, मान दुखते म्हणत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील तर त्याला उचलायचं नाही. बाकीच्यांनी मॅटवरून अगदी हळू, कडेने उतरायचं, कारण प्रत्येक पावलाने मॅट हलते आणि तिच्यासोबत मान हलते. एका मोठ्याने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरायचं, मुलाशी बोलत राहायचं आणि १०८ ला फोन करायचा. गाडीच्या मागच्या सीटवर घालून न्यायचा मोह आवरायलाच हवा.

एक्स-रेवर मोड बारीक रेघेसारखी होती. कधी कधी पहिल्या फोटोत काहीच दिसत नाही आणि दहा-बारा दिवसांनी नवं हाड धरायला लागलं की कळतं. म्हणून ‘फोटो नॉर्मल आहे’ ऐकूनही मूल लंगडत असेल तर पुन्हा दाखवायचं. इथे मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर घातलं, चार आठवड्यांसाठी. पहिल्या दोन दिवसांत बोटं निळी किंवा थंड पडली, बधिर झाली किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं तर मध्यरात्री असलं तरी दवाखान्यात यायचं, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं. आणखी एक गोष्ट आई-वडिलांना आधीच माहीत असलेली बरी. या जागी मोडलेलं हाड जुळल्यावरही पुढच्या वर्ष-दीड वर्षात गुडघा हळूहळू आतल्या बाजूला झुकलेला दिसू शकतो. बहुतेक वेळा तो वाढीबरोबर आपोआप सरळ होतो, पण तोवर ठरलेल्या तारखांना दाखवत राहावं लागतं. प्लास्टर निघालं म्हणजे संपलं, असं होत नाही.

अंगणाची तपासणी

प्लास्टरच्या दुसऱ्या दिवशी मामांनी ओळखीच्या फॅब्रिकेटरला बोलावलं आणि दोघांनी ट्रॅम्पोलिन पायापासून वरपर्यंत बघितलं. हाड मोडायला यांतलं काहीच कारण नव्हतं, हे पुन्हा सांगायला हवं. तरी निघालं ते असं.

कंपाऊंडची भिंत फ्रेमपासून जेमतेम नव्वद सेंटिमीटरवर, आणि भिंतीच्या माथ्यावर सिमेंटात रोवलेल्या काचा. चारी बाजूंनी दोन ते अडीच मीटर मोकळी जागा हवी. त्यात भिंत, पायरी, कुंडी, बाक, नळाचा स्टँड काहीच नको. दुसऱ्या बाजूला कपडे वाळत घालायची तार ट्रॅम्पोलिनच्या वरून गेलेली, उडणाऱ्या मुलाच्या गळ्याच्या उंचीला. वर आंब्याची फांदी. ट्रॅम्पोलिनवर सात मीटरपर्यंत आभाळ मोकळं लागतं. नारळ असेल तर त्याच्या झावळ्यांखाली तर नकोच.

खाली पेव्हर ब्लॉक. पडलं तर कठीण, आणि ओला झाला की फ्रेमचे पाय सरकतात. ट्रॅम्पोलिन मातीवर किंवा हिरवळीवर हवं, सपाट. गच्चीवर ठेवायचा विचार काही घरांत होतो, कारण मोकळी सपाट जागा तीच असते. गच्चीवर नको, याला अपवाद नाही. मॅटच पाऊण मीटर उंच, तिच्यावरून मीटरभर उडालेल्या मुलाच्या पायांखाली कठडा येतो.

मॅटच्या खाली सायकल आडवी घालून ठेवलेली आणि सावलीला कुत्रा झोपलेला. वरून मूल उतरलं की मॅट अर्ध्या मीटरपर्यंत खाली जाते. खालची वस्तू म्हणजे वरच्याच्या पायाला दणका, आणि खाली रांगत गेलेलं दोन वर्षांचं मूल असेल तर त्याच्या डोक्यावर आख्ख्या वजनाचा मार. मोठ्यांचं लक्ष वरच्या मुलांकडे असतं, त्यामुळे खालचं मूल दिसतच नाही. फ्रेमच्या पायांभोवती जमिनीपर्यंत जाळी लावणं हा पाच मिनिटांचा आणि थोड्या पैशांचा उपाय आहे, आणि तो फार थोड्या घरांत केलेला असतो.

स्प्रिंगांवरचं पॅड हा आपल्याकडच्या उन्हाचा पहिला बळी. वरचं पीव्हीसी कापड दोन उन्हाळ्यांत कडक होऊन चिरलं होतं, आतला फोम भुगा होऊन एका बाजूला गोळा झाला होता, आणि बांधायच्या नाड्यांपैकी निम्म्या तुटल्या होत्या. पॅड सरकून चार-पाच स्प्रिंगा उघड्या पडल्या होत्या. स्प्रिंगांच्या फटीत पाऊल गेलं की घोटा अडकतो आणि शरीर पुढे जातं. नवं पॅड मिळालं नाही तर रेक्झिनच्या दुकानातून शिवून घेता येतं, पण मापं द्यायची: रुंदी इतकी की मॅटच्या कडेपासून फ्रेमच्या पाइपाच्या बाहेरपर्यंत सगळं झाकलं जाईल, फोम निदान २५ मिलिमीटर आणि दाबल्यावर परत येणारा, पॅकिंगमध्ये येतो तसला पातळ पांढरा नव्हे. आणि हे पॅड चुकून पाय पडला तर वाचवायला आहे, उभं राहायला किंवा बसून राहायला नाही.

साठ स्प्रिंगांपैकी तीन ताणून सैल झालेल्या. ओळखायची रीत सोपी. सुटी स्प्रिंग हातात धरून उन्हाकडे बघायची. वेटोळ्यांमधून उजेड दिसला तर ती गेली. एकेकटी सैल स्प्रिंग फार त्रास देत नाही, पण तीन शेजारीशेजारी असतील तर मॅट त्या बाजूला झुकते आणि उडणारं मूल प्रत्येक उडीत त्या कडेकडे सरकत जातं. मॅटच्या कडेला स्प्रिंग अडकवायच्या त्रिकोणी कड्या असतात, त्यांच्या पट्ट्यांची शिवण चिमटीत धरून ओढून बघायची. दोरा पावडरीसारखा सुटला तर उन्हाने खाल्लाय. मॅटला बोट जाईल एवढं भोक असेल तर मॅट बदलायची, ठिगळ लावायचं नाही.

फ्रेमच्या पाइपाला पाय जिथे जोडलेला असतो त्या टी-जोडाच्या वेल्डिंगखाली गंजाचे पापुद्रे होते. फॅब्रिकेटरने तारेच्या ब्रशने घासलं, हातोडीने हलकेच ठोकून आवाज बघितला. एका ठिकाणी आवाज भद्द आला, तिथे पाइप आतून पातळ झालेला. तो तुकडा बदलला. नुसता रंग मारून चाललं नसतं.

जाळीची खालची कड स्प्रिंगांच्या बाहेर, फ्रेमला बांधलेली होती. म्हणजे मूल जाळीवर रेललं तर स्प्रिंगांवर पडणार. जाळी स्प्रिंगांच्या आतून, मॅटच्या कड्यांमधून ओवलेली असेल तर मूल मॅटवरच राहतं. विकत घेताना हा एक फरक नक्की पाहावा. खांबांवरच्या फोमच्या नळ्या फाटलेल्या होत्या, त्या बदलल्या.

ठेवायचं की काढायचं

घरात दोन मतं पडली. धाकट्याच्या आईचं म्हणणं, भंगारात द्या. मामांचं म्हणणं, मोठी दोघं रोज तासभर घाम गाळतात, मोबाइल सुटलाय, ते का बंद करायचं? दोघांचंही बरोबर होतं.

आमचं मत विचाराल तर ते असं: घरात किंवा रोजच्या येण्याजाण्यात सहा वर्षांखालचं मूल असेल तर ट्रॅम्पोलिन विकत घेऊ नये. उन्हाळी सुट्टीत सहा-सात भावंडं जमणारं घर असेल तर आणखीच नको, कारण ‘एका वेळी एक’ हा नियम अशा घरात पाळणं हे पूर्णवेळ काम होतं. जे आधीच घेतलेलं आहे ते ठेवायचं असेल तर ते काम कोणीतरी अंगावर घ्यायला हवं. या घरात मामांनी घेतलं.

ट्रॅम्पोलिन भिंतीपासून ओढून अंगणाच्या मातीच्या भागात आणलं, तार काढली, फांदी छाटली. वळवाच्या वाऱ्यात जाळी शिडासारखी फुगते आणि ट्रॅम्पोलिन उलटतं, म्हणून १२ मिलिमीटरच्या सळईचे उलट्या यू आकाराचे चार आकडे करून पायांवरून जमिनीत दीड फूट ठोकले. शिडी काढून घरात ठेवली. शिडी लावलेली असली की ट्रॅम्पोलिन उघडं, काढलेली असली की बंद, हे लहानांनाही कळतं. तरी आठ वर्षांचा पठ्ठ्या दुसऱ्याच दिवशी दुपारी प्लास्टिकचा स्टूल लावून चढला. काळी मॅट नाशिकच्या मे महिन्यातल्या उन्हात तव्यासारखी तापलेली, तळवे भाजून खाली उतरला. मग चेनच्या दोन पट्ट्यांना बॅगेचं छोटं कुलूप आलं आणि वेळ ठरली: सकाळी आठच्या आत, संध्याकाळी साडेपाचनंतर.

पाळीची व्यवस्था पहिल्याच रविवारी कोसळली. ‘पाच मिनिटं एकाला’ असं ठरवलं होतं. पाच मिनिटं थांबणं मुलांना फार होतं आणि पाच मिनिटं उडणंही फार होतं. तिसऱ्या मिनिटाला पाय थकतात, उतरणं वेडंवाकडं व्हायला लागतं. शेवटी साठ उड्या ठरल्या. थांबलेल्यांनी मोठ्याने मोजायच्या, साठ झाल्या की उडणाऱ्याने गुडघे वाकवून जागेवर थांबायचं, कडेला येऊन बसायचं आणि पाय सोडून उतरायचं. उडी मारून खाली यायचं नाही, कारण मॅटवरून कठीण जमिनीवर आलेल्या पायांना सवय बदलायला वेळ लागतो आणि घोटा मुरगळतो. उतरलेल्याचे दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत पुढच्याने चेनला हात लावायचा नाही. थांबणाऱ्यांसाठी अडीच मीटरवर चटई. मोजणी हे काम मिळाल्यावर भांडणं निम्मी झाली.

लक्ष ठेवणाऱ्या मोठ्या माणसाचं काम चेनपाशी उभं राहायचं. मोठ्यांनी मुलासोबत मॅटवर चढणं तर सर्वांत वाईट. ७० किलोचे बाबा आणि १५ किलोचं मूल, वरचा हिशोब पुन्हा करून बघा. पाहुणे आले की हा नियम हमखास मोडतो, ‘थोडा वेळ सगळे मिळून’ म्हणून. पाहुण्यांना नाही म्हणायची जबाबदारी मुलांवर टाकायची नाही.

अंगावरचं काय काढायचं याची आजींनीच यादी केली: गळ्यातली चेन, हातातलं कडं, पैंजण, केसांच्या टोकदार क्लिपा, ओढणी. छोट्यांचा करदोरा कपड्याच्या आत खोचायचा, लोंबता ठेवायचा नाही. पाय अनवाणी आणि कोरडे, मोजे घसरतात. तोंडात चॉकलेट किंवा चिक्की असताना चढायचं नाही. हातात चेंडू, काठी, मोबाइल काही नाही.

कोलांटी उडी बंद. एकट्यानेसुद्धा, येत असेल तरीसुद्धा. ट्रॅम्पोलिनवर मानेच्या मणक्याला होणाऱ्या गंभीर दुखापतींत फसलेल्या कोलांट्या मोठ्या प्रमाणात आढळतात. हवेत अर्धवट फिरून मूल डोक्यावर उतरतं आणि मागून येणारं शरीराचं वजन मानेवर पडतं. मोठीला कोलांटी शिकायचीच होती. तिला जिम्नॅस्टिक्सच्या क्लासला घातलं, जिथे प्रशिक्षक आधी जमिनीवर, मग जाड गादीवर, मग दोरीच्या आधाराने शिकवतात. ट्रॅम्पोलिन २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमधला खेळ आहे. तो शिकायचा तो असा.

जूनमध्ये

पाऊस लागायच्या आधी सगळं उतरवलं. आधी जाळी, मग पॅड, मग स्प्रिंगा. स्प्रिंग काढायला टी आकाराचा आकडा सोबत येतो. हातमोजे घालून, डोळ्यांवर साधा गॉगल लावून काढायच्या, आणि मुलं अंगणात नसताना, कारण सुटलेली स्प्रिंग गोफणीसारखी जाते. एका बाजूने ओळीने काढत गेलं तर उरलेला ताण एकाच बाजूला येऊन फ्रेम वाकते. म्हणून एक इकडची, एक बरोबर समोरची. लावतानाही तसंच: आधी घड्याळाच्या बारा, सहा, तीन आणि नऊच्या जागी, मग त्यांच्या मधोमध, मग पुन्हा मधोमध. स्प्रिंगा पुसून, तेलाचा हात फिरवून डब्यात भरल्या. मॅट साबणाच्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, घडी न घालता गुंडाळली. डब्यावर मामांनी मार्करने लिहून ठेवलं: ५७ चांगल्या, ३ नव्या आणायच्या.

प्लास्टर निघालं तेव्हा धाकटा दोन आठवडे जपून, टाचेवर चालायचा, मग विसरला. दर तीन महिन्यांनी डॉक्टर गुडघे जुळवून उभं करतात आणि घोट्यांमधलं अंतर टेपने मोजतात. त्याच्यासाठी घरात जुनी कापसाची गादी जमिनीवर टाकलेली आहे, तिच्यावर तो हव्या तेवढ्या उड्या मारतो. पुढच्या मे महिन्यात ट्रॅम्पोलिन पुन्हा उभं राहील तेव्हा तो पाच वर्षांचा असेल. त्याची पाळी त्याच्या पुढच्या मेमध्ये आहे, आणि हे त्याला आत्ताच सांगून ठेवलेलं आहे.